आर्यभट आणि दिवसाची लांबी



पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी मारायला किती वेळ लागतो? वर्गात हा प्रश्न विचारा, सगळे हात वर होतील आणि उत्तर येईल, चोवीस तास. आपणही तेच शिकलो आणि तेच शिकवतो. पण खगोलशास्त्रज्ञांना विचारलंत तर ते सांगतील, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद. मग घड्याळातली उरलेली जवळजवळ चार मिनिटं गेली कुठे?

या चार मिनिटांचा हिशोब सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी एका तेवीस वर्षांच्या तरुणाने मांडून ठेवला होता. आज त्याच्याविषयी लिहितो आहे. आर्यभटांचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या भारतीय उपग्रहाचं नाव, स्पर्धा परीक्षेतला एक गुणाचा प्रश्न, आणि शून्याचा शोध लावणारे म्हणून भिंतीवरच्या तक्त्यातलं एक चित्र. तक्त्यातली ही शेवटची गोष्ट तर बरोबरही नाही. त्यांच्या पुस्तकात शून्याचं चिन्ह नाही. दिवस म्हणजे काय, हे त्यांनी किती नेमकं सांगितलं होतं ते मात्र कुठल्याच तक्त्यावर नसतं.

आधी त्यांच्या आयुष्याबद्दल. आर्यभटांनी स्वतःविषयी फार कमी लिहून ठेवलं. कलियुगाची साठ गुणिले साठ, म्हणजे ३६०० वर्षं पूर्ण झाली तेव्हा आपल्या जन्माला तेवीस वर्षं झाली होती, असं ते सांगतात. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये धरतात, म्हणून ते वर्ष येतं इसवी सन ४९९. त्यातून तेवीस वजा केले की जन्म ४७६ चा. (मुलांना हे गणित घालून बघा. इसवी सनात शून्य साल नसतं, तिथे बरेच जण अडकतात.) जन्मसाल इतक्या खात्रीने सांगता येईल असे प्राचीन भारतीय विद्वान फार थोडे आहेत, आणि इथे तर ते साल त्यांच्याच गणितातून निघतं.

आपलं ज्ञान कुसुमपुरात मान्यता पावलेलं आहे, असं ते सांगतात. कुसुमपूर म्हणजे पाटलीपुत्र, आजचं पाटणा, असं त्यांचे भाष्यकार पहिले भास्कर यांनी ६२९ मध्ये लिहिलं आहे. (हे भास्कर वेगळे, लीलावतीवाले भास्कराचार्य पाचशे वर्षांनी नंतरचे.) हेच भाष्यकार आर्यभटांना अश्मक म्हणतात, आणि केरळचे नीलकंठ सोमयाजी तर त्यांचा जन्मच अश्मक देशातला सांगतात. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा प्रदेश. आपल्या मराठवाड्याला आणि तेलंगणाला लागूनचा भाग म्हणा. त्यांच्या शिष्यांची नावं आली आहेत लाटदेव, निःशंकु आणि पांडुरंगस्वामी. पांडुरंग हे नाव वाचून आपल्याकडच्या वाचकाला जरा आपलेपणा वाटतोच! मृत्यूचं साल कुठल्याही जुन्या ग्रंथात नोंदलेलं नाही. पुस्तकांत छापलेलं ५५० हे अंदाजाने धरलेलं आहे, ते पाठ करून घेऊ नका.

आई-वडील, घरदार, शाळा, कुणाचा राजाश्रय, यातलं काहीच पुढे आलेलं नाही. आलं ते एक पुस्तक, ‘आर्यभटीय’. एकूण १२१ श्लोक. वहीची थोडी पानं होतील एवढंच. पहिले तेरा श्लोक प्रस्तावनेचे आणि आकड्यांचे, मग गणिताचे ३३, काळमोजणीचे २५ आणि खगोलाचे ५०.

एवढ्या थोड्या जागेत अब्जावधीचे आकडे बसवायचे म्हणून त्यांनी अक्षरांचीच अंकलिपी केली. क म्हणजे १, ख म्हणजे २, असं म पर्यंत २५. मग य म्हणजे ३०, र म्हणजे ४०, असं पुढे. स्वर जोडला की स्थान बदलतं. अ असेल तर एकक, इ असेल तर शंभरपट, उ असेल तर दहा हजारपट, ऋ असेल तर दहा लाखपट. त्यांचा ‘ख्युघृ’ हा शब्द घ्या. ख आणि य ला उ लागला, म्हणजे ३२ गुणिले दहा हजार, तीन लाख वीस हजार. घ म्हणजे ४, त्याला ऋ, म्हणजे चाळीस लाख. बेरीज ४३,२०,०००. हा झाला एका महायुगातल्या सूर्याच्या फेऱ्यांचा, म्हणजेच वर्षांचा आकडा. पाचवीच्या मुलांना गुप्तलिपीचा खेळ म्हणून हे फार आवडतं. स्वतःचं नाव आकड्यात करून बघतात.

आता या ४३,२०,००० शेजारी आर्यभट दुसरा एक आकडा ठेवतात. एवढ्याच काळात पृथ्वी स्वतःभोवती किती वेळा फिरते? १,५८,२२,३७,५०० वेळा. आणि तीही पूर्वेकडे. त्याच श्लोकात सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या फेऱ्या दिल्या आहेत आणि त्यांच्याच रांगेत पृथ्वीची फिरकी बसवली आहे. ज्या काळात पृथ्वी स्थिर आणि आकाश फिरतं हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्या काळात.

मग ते व्याख्या करतात. इथे जरा थांबून वाचा, कारण सगळी गंमत इथे आहे. पृथ्वीचं प्रत्येक आवर्तन म्हणजे एक नाक्षत्र दिवस. आणि सूर्य व पृथ्वी यांची प्रत्येक गाठ म्हणजे आपला रोजचा दिवस, ज्याला सावन दिवस म्हणतात. म्हणजे दिवस दोन प्रकारचे. एक ताऱ्याच्या हिशोबाने, एक सूर्याच्या हिशोबाने.

हे समजायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. पुढच्या बारा तासांत मिनिट काटा बारा फेऱ्या मारतो, तास काटा एक. दोघांची गाठ किती वेळा पडते? मुलं बारा म्हणतात. मोजून बघा, अकरा. कारण मिनिट काटा फेरी पूर्ण करून येतो तोवर तास काटा थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला आणखी थोडं जावं लागतं. बारा वजा एक, अकरा.

आता मिनिट काट्याच्या जागी पृथ्वीची फिरकी ठेवा आणि तास काट्याच्या जागी सूर्य. सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज साधारण एक अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. त्यामुळे पृथ्वीची फिरकी पूर्ण झाली तरी सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी एक अंश फिरावं लागतं, आणि त्यासाठी लागतात जवळजवळ चार मिनिटं. आपली हरवलेली चार मिनिटं ती हीच. १,५८,२२,३७,५०० मधून सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या वजा केल्या की उरतात १,५७,७९,१७,५००. इतक्या गाठी, इतके सावन दिवस. थोडक्यात, वर्षाला आपण सव्वातीनशे पासष्ट दिवस मोजतो, पण पृथ्वी तेवढ्यात एक गिरकी जास्त मारते.

कॅल्क्युलेटर घेऊन पुढे जाऊ. चोवीस तासांना १,५७,७९,१७,५०० ने गुणा आणि १,५८,२२,३७,५०० ने भागा. उत्तर येतं २३ तास ५६ मिनिटं ४.१ सेकंद. आजचं मोजमाप आहे ४.०९ सेकंद. समाजमाध्यमांवर हा आकडा बघून लोक तोंडात बोटं घालतात, आणि साहजिक आहे. पण शिक्षक म्हणून आपण त्यापुढची गोष्टही सांगायला हवी. याच आकड्यांतून वर्षाची लांबी काढली तर ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३० सेकंद येते, आणि खरं नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं. म्हणजे वर्षात तीन मिनिटं वीस सेकंदांची चूक आहे. मग दिवस इतका अचूक कसा? कारण वर्षातली ती छोटी चूक दिवसाच्या गणितात उतरताना भागाकारांमुळे जवळजवळ विरून जाते. कुणी एकाच फिरकीला घड्याळ लावून सेकंदाचा दहावा भाग मोजला नव्हता. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांतून फेऱ्या मोजल्या आणि भागाकार केला. माझ्या मते चमत्कारापेक्षा ही रीत मुलांना सांगण्यासारखी आहे. एका कागदाची जाडी मोजायची तर शंभर कागदांची मोजून शंभराने भागायची, हा प्रयोग आपण घेतोच की!

एक गैरसमज मात्र इथेच दूर करू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं आर्यभटांनी म्हटलेलं नाही. त्यांच्या रचनेत पृथ्वी मध्यभागी आहे, सूर्य तिच्याभोवती जातो, पण पृथ्वी जागच्या जागी गिरकी घेते. परिवलन त्यांनी सांगितलं, परिभ्रमण नाही. दिवसाच्या हिशोबाला त्याने फरक पडत नाही, कारण सूर्य सरकला काय किंवा आपण सरकलो काय, गाठी तेवढ्याच पडतात.

दिवसाचे तुकडेही त्यांनी असेच नीट पाडले. दिवसाच्या साठ नाड्या, नाडीच्या साठ विनाड्या आणि विनाडीत निरोगी माणसाचे सहा श्वास. साठ गुणिले साठ गुणिले सहा, म्हणजे दिवसाला २१,६०० श्वास. एक श्वास सुमारे चार सेकंदांचा. आता दुसरीकडे बघा. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, एकूण २१,६०० कला. आकडा तोच! म्हणून ते म्हणू शकतात की एका श्वासात पृथ्वी एक कला फिरते. वर्गात मुलांना मिनिटभर शांत बसवून श्वास मोजायला लावा. हिशोबाने पंधरा यायला हवेत, पण मुलांचे जास्तच भरतात, कारण लहान वयात श्वासाची गती जास्त असते. त्यावर चर्चा होऊ द्या.

हे सगळं मोजायला त्यांच्याकडे काय होतं? जमिनीत रोवलेला शंकू आणि त्याची सावली, पाण्याची घटिका, आणि डोळे. त्यांचा एक दुसरा ग्रंथ होता, तो हरवला, पण त्यातले यंत्रांवरचे काही श्लोक नंतरच्या एका टीकेत राहिले आहेत. त्यात सावलीची यंत्रं आहेत, जलघटी आहेत. ‘आर्यभटीया’तही हलक्या लाकडाचा गोल करून तो पारा, तेल आणि पाण्याच्या साहाय्याने काळाच्या गतीने फिरता ठेवायला सांगितलं आहे. आपल्या आजी-आजोबांनी लग्नमुहूर्ताला घंगाळात बुडणारं घटिकापात्र पाहिलं असेल. ते बुडायला लागणारी एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं, म्हणजेच आर्यभटांची नाडी.

दिवस किती लांब हे ठरलं, पण तो सुरू कधी होतो? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ‘आर्यभटीया’त दिवस लंकेच्या सूर्योदयापासून धरला आहे. ही लंका म्हणजे विषुववृत्तावर, उज्जैनच्या रेखावृत्तावर मानलेलं ठिकाण. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा पृथ्वीवर दुसरीकडे भर दुपार असते, तिसरीकडे सूर्यास्त आणि चौथीकडे मध्यरात्र, हेही त्यांनी सांगितलं आहे. म्हणून एक ठिकाण नक्की करावंच लागतं. हरवलेल्या ग्रंथात मात्र त्यांनी दिवसाची सुरुवात मध्यरात्रीपासून केली होती. सूर्योदयाची वेळ ऋतूप्रमाणे मागेपुढे होते, मध्यरात्रीचं तेवढं होत नाही, म्हणून हिशोबाला ती सोयीची. आज आपण तारीख मध्यरात्रीच बदलतो. गंमत म्हणजे युरोपातले खगोलशास्त्रज्ञ १९२५ पर्यंत आपला दिवस दुपारी बारापासून धरत होते, कारण त्यामुळे एका रात्रीची सगळी निरीक्षणं एकाच तारखेखाली येत.

आता दुसरी बाजू. पृथ्वी फिरते हे लोकांना पटलं का? नाही. आर्यभटांनी उदाहरण दिलं होतं नावेचं. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. आपण वर्गात नावेऐवजी एसटीची खिडकी आणि मागे पळणारी झाडं घेऊ. पण लगेच पुढच्या श्लोकात तारामंडळ वाऱ्याच्या प्रेरणेने पश्चिमेकडे फिरतं असंही आलं आहे, आणि त्यावरून अभ्यासकांत आजवर वाद आहेत.

वराहमिहिरांनी विचारलं की पृथ्वी फिरत असेल तर घारी आकाशातून आपल्या घरट्याकडे परत कशा येतील? आणि झेंडे सदा पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? प्रश्न चांगलेच आहेत. आपल्या पाचवीतल्या मुलांनाही हेच पडतात. हवा आणि घार दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात हे उत्तर नीट समजायला जगाला पुढची हजार वर्षं लागली. तेव्हा वराहमिहिरांना हसू नका.

ब्रह्मगुप्त अधिक कडक. त्यांनी ६२८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला आणि त्यात एक अख्खा अध्याय दुसऱ्यांच्या मतांचं खंडन करायला दिला. पृथ्वी श्वासाला एक कला जात असेल तर ती कुठून कुठल्या वाटेने जाते, आणि फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत का नाहीत, असा त्यांचा सवाल होता.

पुढे आर्यभटांच्याच परंपरेतल्या टीकाकारांना हे अवघड वाटू लागलं. गुरूचा ग्रंथ तर मानायचा, पण पृथ्वी फिरवायची नाही. मग श्वासात एक कला फिरणारी ‘भूः’ हा शब्द काही पाठांत ‘भं’ झाला. भू म्हणजे पृथ्वी, भ म्हणजे तारामंडळ. एका अक्षराने पृथ्वी थांबली आणि आकाश फिरू लागलं. व्याख्येतल्या पृथ्वीच्या आवर्तनांचंही तसंच झालं. मग मूळ शब्द भूच होता हे आपल्याला कळतं कशावरून? इतर पुराव्यांबरोबर ब्रह्मगुप्तांच्या टीकेवरून! खोडून काढायचं म्हणून त्यांनी आर्यभटांचं म्हणणं जसंच्या तसं नोंदवलं, आणि ते जपलं गेलं. मैत्रीपोटी शब्द बदलले गेले आणि विरोधकाकडे ते शाबूत राहिले, हे वाचून मी तरी बराच वेळ विचारात पडलो होतो. याच ब्रह्मगुप्तांनी ६६५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, ‘खण्डखाद्यक’ हा ग्रंथ लिहिला, तो मात्र आर्यभटांच्या मध्यरात्रीच्या पद्धतीवर.

मधल्या शतकांत उत्तरेकडे ‘आर्यभटीय’ दिसेनासं झालं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलब्रुक या इंग्रज अभ्यासकाला ते शोधूनही मिळालं नाही. त्यातच दहाव्या शतकातल्या दुसऱ्या एका आर्यभटाशी गोंधळ व्हायचा. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६० च्या दशकात दक्षिणेतून या ग्रंथाच्या पोथ्या मिळवल्या आणि १८६५ मध्ये आर्यभटांच्या काळाविषयी निबंध प्रसिद्ध केला. हे मूळचे गोव्यातले, पेशाने डॉक्टर. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे. सहलीला मुलांना तिथे नेणार असाल तर ही गोष्ट जरूर सांगा. नाव ‘आर्यभट्ट’ नसून ‘आर्यभट’ आहे हेही त्यांनीच ठासून सांगितलं, तरी आपल्या फलकांवर तो जादा ट अजून आहेच. छापील ‘आर्यभटीय’ पहिल्यांदा निघालं ते १८७४ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला.

आणि आज दिवस कसा मोजतात? सूर्याच्या गाठींवर विसंबून चालत नाही, कारण दुपार ते दुपार हा काळ वर्षभर सारखा नसतो. डिसेंबरात तो चोवीस तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट मोठा असतो, सप्टेंबरात वीसएक सेकंदांनी लहान. चोवीस तास ही त्याची सरासरी. पृथ्वीची खरी फिरकी मोजायला मोठ्या रेडिओ दुर्बिणी अतिशय दूरच्या क्वेसारांवर नजर ठेवतात, म्हणजे आकाशातल्या स्थिर खुणांच्या संदर्भात पृथ्वीची आवर्तनं मोजतात. भरती-ओहोटीच्या घर्षणाने फिरकी अगदी हळूहळू मंदावते आहे. १९६७ पासून सेकंद अणूवरून ठरतो, आणि पृथ्वीशी मेळ राखायला १९७२ ते २०१६ या काळात २७ वेळा घड्याळात एक सेकंद वाढवावा लागला.

मुलांसाठी गृहपाठ असा देता येईल. पालकांनीही सोबत बसावं. अंगणात किंवा गच्चीत एक जागा खडूने आखून घ्या. तिथे उभं राहून एखादा ठळक तारा समोरच्या घराच्या कडेआड कधी जातो ती वेळ वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून पुन्हा. रोज जवळजवळ चार मिनिटं आधी, म्हणजे पंधरा दिवसांत तासभर आधी तो तारा जाईल. हिवाळ्यात मृग नक्षत्र घेतलंत तर उत्तम, ओळखायला सोपं. डिसेंबरच्या मध्यावर रात्री आठला ते पूर्वेला असतं आणि मार्चच्या मध्यावर त्याच वेळी पश्चिमेकडे झुकलेलं. ढगाळ दिवसाची ओळ रिकामी सोडायला सांगा, अंदाजाने भरू देऊ नका.